मध्यस्थ म्हणजे लवाद नव्हे

समजा, इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याचे 18 लाख रुपये एका यंत्रमागवाल्याकडे अडकलेत. मागवाला म्हणतो, सूत हलकं होतं, मागावर सारखं तुटत होतं, कापड बाद झालं. व्यापारी विचारतो, मग दोन महिने तेच सूत चालवलंत कशाला? गोष्ट वकिलापर्यंत जाते. वकील म्हणतात, ‘आधी मध्यस्थीचा अर्ज करू.’ व्यापाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्यांमागे बहुतेक ऐकीव माहितीच असते.

‘ही मध्यस्थी ऐच्छिक ना? मग मला नको.’ निदान या वादात तरी ती ऐच्छिक नाही. 3 लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर मध्यस्थीचा प्रयत्न केल्याशिवाय दावा लावता येत नाही. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात 2018 साली आलेलं कलम 12अ हेच सांगतं. तरी लोक थेट दावे लावत राहिले. शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बंधनकारक ठरवलं. तेव्हापासून ही पायरी गाळली तर वादपत्रच नामंजूर होतं. सक्ती आहे ती प्रयत्नाची. मिटवलंच पाहिजे अशी नाही. अर्ज जातो विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि त्याचं कार्यालय बहुधा न्यायालयाच्याच आवारात असतं. म्हणजे शहाण्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागतेच.

सगळ्यात चिवट गैरसमज वेगळाच आहे: ‘मध्यस्थ सांगेल ते मुकाट्याने मानावं लागेल.’ इथे लवाद आणि मध्यस्थ यांची गल्लत होते. तिला भाषाही थोडी जबाबदार आहे, कारण हिंदीत लवादाच्या कायद्याचं नावच ‘माध्यस्थम्’ने सुरू होतं. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, गरज पडली तर वेगवेगळं भेटतो, कोण कशावर अडून बसलंय ते शोधतो. आपल्या व्यापाऱ्याला पैसे हवेतच, पण इतक्या वर्षांचं गिऱ्हाईकही तोडायचं नाही. मागवाल्याला एकरकमी देणं जमत नाही, आणि त्याला ‘सूत खराब होतं’ हे कुणीतरी कबूल करायला हवंय. न्यायालय फार तर रक्कम ठरवेल आणि व्याज लावेल. या टेबलावर मात्र 14 लाखांवर तोडगा निघू शकतो: सहा हप्ते, आणि पुढचा माल नमुना तपासूनच उचलायचा. असा हुकूम कुठल्या न्यायाधीशाने द्यावा?

‘यात वर्ष जाईल आणि दाव्याची मुदतही टळेल.’ मध्यस्थीला मुदत तीन महिन्यांची आहे. दोघांची संमती असेल तर आणखी दोन. हा काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. फी ठरलेली असते: 10 ते 50 लाखांच्या वादाला 30,000 रुपये, तेही दोघांनी निम्मे निम्मे भरायचे.

‘मिटलं तरी त्या कागदाला विचारतो कोण?’ दोघांच्या आणि मध्यस्थाच्या सह्या झालेल्या या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं. समोरच्याने दोन हप्ते भरून हात वर केले, तर नवा दावा लावायला नको, थेट दरखास्त दाखल करता येते. तडजोड फिसकटली तरी बैठकीत बोललेलं पुढे कोर्टात वापरता येत नाही. ‘सुतात दोष होता खरा’ असं व्यापारी तिथे मोकळेपणाने म्हणू शकतो.

समोरचा आलाच नाही तर? बरेच अर्ज खरोखर इथेच संपतात. तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. कर्ज बुडवून मालमत्ता विकायला निघालेल्या माणसाशी चहावर बोलण्यात अर्थ नाही. तिथे तातडीने मनाई हुकूमच मागावा. पण मध्यस्थी चुकवण्यासाठी तातडीचं नुसतं सोंग आणलं तर ते चालणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली बजावलं आहे. आणि आपल्या व्यापाऱ्याचं सूत तर केव्हाच विणून, विकून झालंय. तो मनाई कशाला मागणार?