सहाणेवरचा बाळहिरडा

आहुपे, तळेघर, घाटघर, अंजनावळे. जुन्नर-आंबेगावच्या या पश्चिम पट्ट्यात कुणाचं तोंड आलं, तर औषध घरातच असतं. डब्यातला काळा, सुरकुतलेला बाळहिरडा काढायचा, सहाणेवर दोन थेंब पाण्यात उगाळायचा आणि लेप बोटाने फोडावर लावायचा. आधी तोंड आखडतं, लाळ सुटते. मग झोंबणं उतरतं.

बाळहिरडा म्हणजे आतली बी टणक होण्याआधीचं कोवळं फळ. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबं झाडांवर चढून ते काढतात, वाळवतात, विकतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने ही झाडं मोडली, तेव्हा अनेक घरांची वर्षाची कमाईच गेली. औषध कारखान्यांबरोबरच हिरड्याला कातडी कमावणाऱ्यांची आणि रंगाऱ्यांचीही मागणी राहिली आहे, आणि तोंडातल्या लेपाचं मर्म तिथेच आहे.

हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. चामड्याच्या कुंडात ते कातड्यातल्या कोलॅजनला बांधतं, म्हणून कातडं कुजत नाही. तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ कोरडी, खरखरीत वाटते. व्रणावर हेच घडलं की उघड्या पेशींवर पातळ पापुद्रा बसतो आणि खालच्या चेतातंतूंना तिखट-मीठ एकदम भिडत नाही. जाईचा किंवा पेरूचा कोवळा पाला चघळतात, त्याचा तुरटपणाही याच जातीचा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या तरी व्रण स्वच्छ राहतो. साजूक तूप नुसतं आच्छादन घालतं, पण जेवणाआधी तेवढंही पुरतं. मध चालतो, मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मुळीच नाही. दुखऱ्या जागी डोकेदुखीची गोळी दाबून धरणं तर फारच वाईट, तिने आतली कातडी भाजते.

आपण ज्याला फोड म्हणतो तो बहुतेकदा फोड नसतोच. पांढरट-पिवळा तळ आणि लाल कड असलेला तो उथळ व्रण असतो. लहान व्रण 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतो, त्यामुळे बरं झाल्याचं श्रेय शेवटी लावलेल्या औषधाला मिळतं. हिरड्याने ते दिवस सुसह्य होतात, आणि मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

पण तोंड दर महिन्याला येत असेल तर लेप पुरत नाही. लोह, फोलिक आम्ल किंवा बी-12 कमी पडलं की तोंडातलं नाजूक अस्तर नीट भरून येत नाही. दूध-दही, अंडी, मांस-मासे ज्यांच्या ताटात क्वचितच असतात, त्यांना बी-12ची कमतरता सहज गाठते. घरचे म्हणतात, ‘उष्णता वाढली’, आणि रक्ततपासणी राहून जाते. ती करून घ्याच. दाताचं टोक गालाला घासतंय का, तेही पाहून घ्या. काहींना टूथपेस्टमधल्या फेसाच्या रसायनाचाच त्रास होतो, पेस्ट बदलली की फरक पडतो.

मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसांबद्दल मला खरी काळजी वाटते. कर्करोगाचा व्रण सुरुवातीला अनेकदा दुखतच नाही, म्हणून कुणी तो दाखवायला जात नाही. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, हाताला कडक लागणारी कड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरतं न उघडणं. यातलं एकही दिसलं तर सहाण बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.