काळा तारा आणि न खेळलेला विश्वचषक

आफ्रिकेची मैदानं : लेखांक ६

घानाच्या फुटबॉल संघाचं नाव एका बुडालेल्या जहाज कंपनीवरून आलंय, असं सांगितलं तर थट्टा वाटेल. पण ते खरं आहे. जमैकात जन्मलेल्या मार्कस गार्वी या नेत्यानं १९१९ मध्ये अमेरिकेत ‘ब्लॅक स्टार लाइन’ काढली. पैसा काळ्या माणसांचा, जहाजं काळ्या माणसांची आणि ओढ आफ्रिकेची, असा तो बेत होता. शेअर हातोहात खपले, जहाजं मात्र जुनाट निघाली. तीन वर्षांत धंदा बसला आणि पुढे गार्वीवर टपालातून फसवणूक केल्याचा खटला चालून त्याला तुरुंगवास झाला. त्याचं लेखन वाचून भारावलेला एक विद्यार्थी मात्र गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीचा पुढारी झाला. त्याचं नाव क्वामे एन्क्रुमा. ६ मार्च १९५७ ला वसाहत स्वतंत्र झाली, तिचं नाव घाना झालं, आणि नव्या झेंड्याच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यावर गार्वीचा काळा तारा येऊन बसला. हा झेंडा रेखाटला थिओडोसिया ओको या चित्रकार शिक्षिकेनं. (बाई पुढे हॉकीच्या कारभारात रमल्या. आक्रातलं हॉकी स्टेडियम आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.) फुटबॉलवाल्यांनी तोच तारा छातीवर लावला आणि संघ ‘ब्लॅक स्टार्स’ झाला.

मागच्या आठवड्यात आपण कॅमेरूनच्या रॉजर मिलाला कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाचताना पाहिलं. तो १९९० चा विश्वचषक. तिथे आफ्रिकेचे दोन संघ होते. १९६६ साली एकही नव्हता. तो आकडा शून्यावर आणण्यात घानाचा मोठा हात होता, आणि माझ्या मते या संघानं केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जाऊ. १९५१ मध्ये गोल्ड कोस्टचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यातले बरेच जण अनवाणी खेळले. आपल्याला यात नवल वाटायला नको. तीनच वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकमध्ये आपलीही पोरं तशीच खेळली होती. त्या दौऱ्यात सी. के. ग्यामफी नावाचा एक तरुण होता. १९६० मध्ये तो जर्मनीच्या फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून खेळायला गेला आणि परत येऊन राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. हे नाव लक्षात ठेवा.

स्वातंत्र्याच्या वर्षीच, म्हणजे १९५७ मध्ये, इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज आक्राला आला. वय बेचाळीस, आदल्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. तो हार्ट्स ऑफ ओक या आक्राच्या क्लबाकडून पाहुणा म्हणून खेळला. लोकांनी त्याला गादीवर बसवून फुटबॉलचा राजाच करून टाकलं. एन्क्रुमाला यातून काय उमगलं असेल, हे सांगायला नको. त्याच्या देशात अनेक भाषा, अनेक जमाती. कुमासीचं आसान्ते राज्य तर स्वतःचा वेगळा रुबाब बाळगून होतं आणि तिथला विरोधी पक्ष एन्क्रुमाच्या नावानं खडे फोडत होता. आक्राचे हार्ट्स आणि कुमासीचे कोटोको यांचा सामना हा निव्वळ खेळ कधीच नव्हता. कोटोको म्हणजे साळिंदर, आसान्ते लोकांचं मानचिन्ह. अंगावर याल तर काटे टोचतील, असा त्याचा सरळ अर्थ. या दोन्ही गावांना एकाच बाजूनं ओरडायला लावेल असं एन्क्रुमाच्या हाती एकच साधन होतं, ते म्हणजे राष्ट्रीय संघ.

ते काम त्यानं ओहेने जान या आपल्या क्रीडा संचालकाकडे सोपवलं. जान धडाडीचा माणूस, आणि थोडा दांडगाही. १९६१ मध्ये ‘रिअल रिपब्लिकन्स’ नावाचा क्लब निघाला. नाव माद्रिदवरून, प्रजासत्ताक मात्र आपलं. प्रत्येक मोठ्या क्लबातले चांगले खेळाडू उचलून इथे आणले गेले. क्लबवाले चरफडले, कोटोकोवाले सगळ्यात जास्त. लोक या संघाला ‘ओसाग्येफोचा खासगी क्लब’ म्हणत. ओसाग्येफो म्हणजे तारणहार, ही एन्क्रुमाची पदवी. हुकूमशाहीचा वास येतो ना? येतोच. पण त्यातून एकत्र सराव केलेला, एकमेकांची चाल ओळखणारा संघ तयार झाला, हेही नाकारता येत नाही. १९६२ मध्ये खुद्द रिअल माद्रिद आक्राला आलं तेव्हा सामना ३-३ असा सुटला.

१९६३ चा आफ्रिकी नेशन्स करंडक घानातच झाला. अंतिम सामन्यात सुदानवर ३-०. दोन वर्षांनी ट्युनिसमध्ये, यजमान ट्युनिशियावर जादा वेळेत ३-२. दोन्ही वेळा प्रशिक्षक ग्यामफीच. दुसऱ्या संघात ओसेई कोफी होता. चेंडू पायाला चिकटवून बचावपटूंना गरागरा फिरवणारा हा गडी पुढे धर्मोपदेशक झाला.

आता १९६६. विश्वचषकात तेव्हा १६ संघ असत. युरोपला यजमान इंग्लंडसह १०, दक्षिण अमेरिकेला ४, उत्तर आणि मध्य अमेरिका मिळून १. उरली एक जागा. ती आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिघांत मिळून. म्हणजे आफ्रिकेतल्या संघांनी आधी आपसात झुंजायचं, मग जिंकणाऱ्यानं आशियाच्या विजेत्याशी लढायचं, तेव्हा कुठे इंग्लंडचं तिकीट. फिफाचे अध्यक्ष होते इंग्रज सर स्टॅन्ली राउस. १९६३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचं सदस्यत्व पुन्हा बहाल झालं होतं, तो राग वेगळाच.

ओहेने जान तेव्हा फिफाच्या कार्यकारिणीत होता. त्यानं तारा धाडल्या, इथियोपियाच्या यिदनेकाचेव टेसेमाला जोडीला घेतलं, आणि दोघांनी मिळून मागणी केली की आफ्रिकेला स्वतःची एक जागा द्या. नकार आला. मग पात्रता फेरीत नावं दिलेल्या १५ आफ्रिकी संघांनी माघार घेतली. सगळ्यांनी! आफ्रिकेतले कुठलेही पंधरा देश एखाद्या गोष्टीवर एकमतानं उठले, असे प्रसंग त्या दशकात फार नव्हते.

या बहिष्काराची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती घानानं. १९६५ च्या अखेरीस ते आफ्रिकेचे विजेते होते, ऐन भरात होते. मोकळ्या झालेल्या त्या जागेसाठी उत्तर कोरिया आणि ऑस्ट्रेलिया कंबोडियात खेळले. कोरिया जिंकला, इंग्लंडला गेला आणि इटलीला हरवून जगभर गाजला. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे ९ गोल करणारा युसेबियो जन्मानं आफ्रिकेचाच, मोझांबिकचा. पण मोझांबिक पोर्तुगालची वसाहत होती, म्हणून गोल पोर्तुगालच्या खात्यावर. स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच, २४ फेब्रुवारी १९६६ ला, एन्क्रुमा परदेशात असताना लष्करानं त्याची सत्ता उलथवली. रिअल रिपब्लिकन्सचाही गाशा गुंडाळला गेला. आणि जानची मागणी? ती मान्य झाली. १९७० च्या विश्वचषकात आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली आणि ती पटकावली मोरोक्कोनं. घानाला विश्वचषक खेळायला २००६ साल उजाडावं लागलं.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९६८ आणि १९७० मध्ये लागोपाठ दोन अंतिम सामने हरले. १९७८ मध्ये आक्रात, युगांडावर २-०, दोन्ही गोल ओपोकू आफ्रियेचे. तिसऱ्यांदा जिंकल्यामुळे करंडक कायमचा घानात राहिला. १९८२ मध्ये लिबियात, यजमानांवर पेनल्टी शूटआउटमध्ये ७-६, आणि बाकावर पुन्हा तेच ग्यामफी! त्या संघात सतरा वर्षांचा आबेदी आयेव होता, ज्याला जग आबेदी पेले म्हणून ओळखतं. पेले हे टोपणनाव पेलवणारे फार थोडे. हा त्यातला एक. १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षं आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू. १९९३ च्या युरोपियन अंतिम सामन्यात मार्सेलचा एकुलता गोल त्याच्याच कॉर्नरवर झाला. पण १९९२ च्या आफ्रिकी करंडकात, उपांत्य फेरीत मिळालेल्या पिवळ्या कार्डामुळे त्याला अंतिम सामना बाहेर बसून बघावा लागला. आयव्हरी कोस्टविरुद्ध गोल नाहीच, मग पेनल्टी, आणि त्या संपता संपेनात. ११-१०. घाना हरलं. १९८२ नंतर तो करंडक त्यांनी एकदाही उचललेला नाही.

याच काळात घानाची पोरं जगभर पांगली, आपल्याकडेही आली. युसुफ याकुबू आधी गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडून आणि मग मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात घानानं नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजरला २-० असं हरवलं, ते कदाचित तुमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलंही असेल.

२००६ मध्ये जर्मनीत पदार्पण आणि पहिल्याच खेपेला बाद फेरी. चार वर्षांनी विश्वचषक प्रथमच आफ्रिकेत आला. खंडाचे सहा संघ उतरले, गटातून पुढे गेला एकटा घाना. यजमान बाहेर पडल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी आपल्या ‘बाफाना बाफाना’ची ‘बाघाना बाघाना’ करून टाकली. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, उपांत्यपूर्व फेरी, समोर उरुग्वे. मुन्तारीनं लांबून गोल मारला, फोर्लाननं फ्री किकवर फेडला. जादा वेळेचं शेवटचं मिनिट. आदियियाहचं हेडर गोलात शिरत असताना रेषेवर उभ्या लुइस सुआरेसनं ते हातानं परतवलं. लाल कार्ड आणि पेनल्टी. आफ्रिकेचा कुठलाच संघ तोवर उपांत्य फेरीत गेला नव्हता. आसामोआ ग्यान धावत आला आणि चेंडू आडव्या खांबावर आदळून वर उडाला. बाहेर चाललेला सुआरेस बोगद्याच्या तोंडाशी नाचताना सगळ्या जगानं पाहिला. शूटआउटमध्ये घानाची पहिली पेनल्टी घ्यायला तोच ग्यान परत आला आणि त्यानं ती अचूक मारली. मला त्या रात्रीतलं सगळ्यात धाडसाचं हेच वाटतं. सामना उरुग्वेनं ४-२ असा नेला. सुआरेसला लोक लबाड म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. नियमात जी शिक्षा होती ती त्याला झाली. मात्र नियमच तोकडा आहे, असं घानाचा माणूस म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.

२०१४ मध्ये ब्राझीलला वेगळंच नाटक. मानधनाच्या आश्वासनांवर खेळाडूंचा विश्वास उरला नव्हता, त्यांनी सरावाला नकार दिला. शेवटी सरकारनं विमानातून ३० लाख डॉलर रोख पाठवले. नोटांचं पुडकं ओठाला लावणारा जॉन बोये कॅमेऱ्यात टिपला गेला, आणि पुढच्याच सामन्यात पोर्तुगालविरुद्ध त्याच्याकडून स्वयंगोल झाला. लोक हसले. पण ज्याला वर्षानुवर्षं ‘उद्या देतो’ ऐकावं लागलंय, तो हातात आलेल्या रोकड्याचा मुका घेणारच की.

मग २ डिसेंबर २०२२, कतार. पुन्हा उरुग्वे, पुन्हा सुआरेस. आदल्या दिवशी पत्रकारांपुढे त्यानं माफी मागायला नकार दिलेला. घानाला पुन्हा पेनल्टी मिळाली. मारायला आला आबेदी पेलेचा मुलगा आंद्रे आयेव, आणि ती अडवली गेली. उरुग्वेनं दोन गोल केले आणि घानाचा खेळ आटोपला. पण तिकडे दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियानं शेवटच्या क्षणी पोर्तुगालला हरवलं, आणि हिशेब असा बसला की उरुग्वेला पुढे जायला आणखी एक गोल हवा. त्यानंतर घानाचे बचावपटू असे भिडले, जणू तेच आघाडीवर आहेत. तिसरा गोल झाला नाही. बाकावर बसलेल्या सुआरेसनं जर्सी तोंडावर ओढली आणि तो रडायला लागला. २-० असा हरलेला, स्पर्धेबाहेर गेलेला घाना. आणि त्याचे पाठीराखे स्टँडमध्ये नाचत होते.

(पुढच्या आठवड्यात : पेनल्टी शूटआउटमध्ये घानाला एकदा नव्हे, दोनदा रडवणारा शेजारी, आयव्हरी कोस्ट.)