घरगुती मत्स्यालयांतील पाण्याची चढ-उतार

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल अशी कांचेची टाकी कांठोकांठ भरली तर तींत सुमारें ६८० लिटर पाणी मावतें. वर सोडलेली जागा आणि तळाची वाळू वजा जातां ६०० लिटर धरावें. नांदेडास किंवा लातुरास दिवाणखान्यांत अशी टाकी मांडणारा हौशी गृहस्थ माशांची निवड फार काळजीनें करतो. पंप मात्र डब्यावरचा मोठा आंकडा पाहून घेऊन येतो. पुढील बहुतेक तक्रारींचें मूळ तेथेंच असतें.

मोठ्या मत्स्यालयाची रचना दुमजली असते. वरच्या टाकींतील जास्तीचें पाणी एका उंबऱ्यावरून नळींत पडून घडवंचीच्या पोटांतील दुसऱ्या टाकींत उतरतें. तेथें तें गाळलें जातें आणि पंप तें पुन्हां वर चढवितो. गोड्या पाण्यांतील माशांकरितां हें चक्र ताशीं चार वेळां पुरें व्हावें असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे येथें ताशीं २,४०० लिटर पाणी वर पोंचलें पाहिजे.

डब्यावरचा आंकडा पोंचणाऱ्या पाण्याचा नसतो. पंपास मुळींच चढ नसतांना जो प्रवाह मिळेल, त्याचा तो असतो. चढ वाढला कीं प्रवाह घटतो, आणि एका ठराविक उंचीस पाणी अजिबात थांबतें. नांदेडजवळ विष्णुपुरीस गोदावरीचें पाणी उपसून शेतीसाठीं वर चढवितात. तेथील अभियंत्यापुढें जो प्रश्न, तोच ह्या गृहस्थापुढें: पाणी किती, आणि चढ किती? हा चढ पंपापासून मोजावयाचा नाहीं. खालच्या टाकींतील पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या टाकींतील पृष्ठभागापर्यंत मोजावयाचा. तो येथें १.२ मीटर आहे असें समजूं.

ह्याशिवाय डोळ्यांस न दिसणारा आणखी एक चढ असतो, तो घर्षणाचा. आंतून २० मिलिमीटर रुंदीची दोन मीटर नळी आणि तींत तीन काटकोनी एल्बो असले, तर २,४०० लिटरांच्या वेगास होणारा तोटा जवळजवळ १.२ मीटर चढाइतका भरतो. चढ एकदम दुप्पट! तीच नळी २५ मिलिमीटरची घेतली तर हा तोटा अर्ध्या मीटरच्याही आंत येतो. मोकळ्या प्रवाहांत ताशीं ५,००० लिटर देणारा आणि ३.५ मीटरला थांबणारा पंप घेतला, व उंचीबरोबर त्याचा प्रवाह सारख्या प्रमाणांत घटतो असें धरलें, तर रुंद नळींतून सुमारें २,५५० लिटर मिळतील. अरुंद नळींतून २,०५० च्या आसपास. पंप एकच, फरक केवळ नळीचा. पाणी कमी येतें अशी तक्रार झाली कीं बहुधा मोठा पंप घेण्याचा सल्ला मिळतो. बदलावयास हवी असते ती नळी. पंपाचें तोंड लहान असलें तरी तेथेंच जोड लावून पुढची नळी रुंद करतां येते. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळींत आणि पंपाच्या पात्यांवर बसतात, म्हणून हिशेबांत थोडी शिल्लक ठेवावी.

उतरणारी नळी ह्याहूनही रुंद हवी, कारण त्या पाण्यामागें स्वतःच्या वजनाखेरीज दुसरा जोर नसतो. तिच्या जोडीस एक मोकळी, राखीव नळी असावी. पहिलींत पान किंवा गोगलगाय अडकली तर तीच घर वांचविते.

खरी परीक्षा वीज जाते तेव्हां होते. पंप थांबतांच वर नेणारी नळी उलट वाहूं लागते, आणि तिचें तोंड हवेंत उघडें पडेपर्यंत वाहत राहते. ह्या टाकीच्या पृष्ठभागाचें क्षेत्र १२ चौरस फूट. म्हणजे एक इंच पाणी २८ लिटर होतें. नळीचें तोंड चार इंच खोल असलें तर ११० हून अधिक लिटर पाणी खालीं येईल. खालच्या टाकींत तेवढी जागा नसेल तर रात्रीं तें फरशीवर जाईल. ज्या लातुरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें हा प्रकार केवळ गालिचा भिजण्यापुरता राहत नाहीं. उपाय साधा आहे. पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित् खालीं नळीस बारीक भोंक पाडावें. पातळी तेथवर उतरतांच हवा आंत शिरते आणि ओघ तुटतो. उलट न वाहूं देणारा वॉल्व्हही मिळतो; पण एक वाळूचा खडा त्यास उघडा ठेवूं शकतो, तेव्हां सारी भिस्त त्यावर नसावी.

उन्हाळ्यांत वाफ होऊन जाणारें पाणी वरच्या टाकींत दिसत नाहीं. तें पंपाच्या कप्प्यांतूनच कमी होतें. पातळी फार उतरली तर पंप हवा ओढूं लागतो आणि तापतो. म्हणून त्या कप्प्याच्या कांचेवर दोन रेघा माराव्यात. खालची रेघ पाणी घालण्याची वेळ दाखविते. वरची रेघ मासे सोडण्यापूर्वीं ठरवावी: टाकी चालू असतां पंप हातानें बंद करावा, सारें पाणी उतरूं द्यावें, आणि तें कांठाखालीं दोन बोटें थांबलें कीं पंप पुन्हां सुरू करून जी पातळी स्थिर होईल तेथें ती ओढावी.