ताटातून काय काढायचं नाही

रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं त्या महिन्यात माझ्या ताटातून डझनभर पदार्थ गेले. वांगं सासूबाईंनी बंद केलं. आंबट नको म्हणून शेजारच्या काकूंनी दही, ताक, चिंच आणि लिंबू सोडायला लावलं. हरभऱ्याची डाळ आणि वाटाणा वातूळ म्हणून गेले. भाच्याने मोबाइलवर वाचून गहू आणि दूध थांबवलं, टोमॅटो-बटाटा वांग्याच्या कुळातले म्हणून सुटले. शेवटी कोणीतरी युरिक अॅसिडचं नाव काढलं आणि तूर-मूगही गेले. सगळे मायेनेच सांगत होते. मी इतकी घाबरलेली होते, की प्रत्येकाचं ऐकत गेले. चौथ्या महिन्यात वजन 7 किलो कमी भरलं. बोटांची सूज होती तेवढीच होती, दंड मात्र काडीसारखे झाले होते. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि म्हणाले, “ताई, आजाराला औषध चालू आहे. पण ही उपासमार तुम्ही कशाला ओढवून घेतलीत?”

या गोष्टीला 9 वर्षं झाली. आजही वाचक भेटले की पहिला प्रश्न येतो, “काय खायचं नाही?” म्हणून हा लेख.

आपल्याकडे ‘संधिवात’ हा एकच शब्द फार आजारांना पुरतो. वय वाढल्यावर गुडघा झिजतो, तोही संधिवात. युरिक अॅसिडचे स्फटिक साठून पायाचा अंगठा रात्रीत लाल होतो, तो गाऊट, त्यालाही आपण संधिवातच म्हणतो. माझ्या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, आणि उपचार झाले नाहीत तर कूर्चा आणि हाड पोखरत जातं. बहुतेकदा बोटांची मुळं, मनगटं आणि पावलं धरतात, तीही दोन्ही बाजूंची. सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही. पुरुषांच्या दोन-तीन पट बायकांना हा होतो.

आजार दुर्मीळही नाही. उजनीच्या पाणथळीत फ्लेमिंगो पाहायला आपण ज्या भिगवणला जातो, तिथे पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 साली घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. रूमॅटॉइडचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. म्हणजे 200 माणसांत एक. आपल्या गावात, आपल्या गल्लीत कोणीतरी आहेच.

गाऊट आणि हा आजार वेगळे आहेत, हे लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी 1859 साली स्पष्ट मांडलं. ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव त्यांनीच सुचवलं. तरी आपल्या घरांत युरिक अॅसिडच्या धास्तीने डाळी बंद होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रूमॅटॉइडमध्ये शरीरातला दाह स्नायू खातच असतो. त्यात शाकाहारी घरातली डाळ-उसळ काढली, तर प्रथिनं येणार कुठून? वांगं, टोमॅटो, लिंबू सोडल्याने हा आजार कमी होतो, याला भक्कम पुरावा नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खाल्ला की हमखास त्रास होत असेल, तर त्याने तो दोन-तीन आठवडे थांबवून, पुन्हा खाऊन, वहीत नोंद करून पाहावं. बारा पदार्थ एकदम काढले, तर दोषी कोण ते कळतच नाही.

आहाराचा परिणाम होतो का? होतो, पण मर्यादेत. 1991 साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी 53 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांनी आठवडाभर जवळपास उपास केला आणि पुढे वर्षभर शाकाहार घेतला. त्यांचं दुखणं आणि ताठरपणा कमी झाला. उपासाने दाह उतरतो, पण नेहमीचं जेवण सुरू झालं की तो परततो, हेही तोवर माहीत होतं. आपल्या एकादशीशी याचा संबंध जोडायचा मोह होतो. मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याचा लाडू म्हणजे तो उपास नव्हे. शिवाय स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असताना पोट रिकामं ठेवणं धोक्याचं आहे. उपास करायचाच असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

पुढे 2003 साली स्वीडनमध्ये भूमध्य सागराकाठच्या पद्धतीचं जेवण 12 आठवडे देऊन पाहिलं. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्हचं तेल, लाल मांस कमी. त्यातही आजाराची तीव्रता थोडी उतरली. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीने 2022 मध्ये आहाराबद्दल जी शिफारस केली, ती एवढ्या एकाच पद्धतीची, तीही बेताच्या जोराने. बाकीच्या ठरावीक ‘डाएट’ना आणि पूरक गोळ्यांना त्यांनी पाठिंबा दिला नाही. ठाम शिफारस केली ती नियमित व्यायामाची. हे वाचलं तेव्हा मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवलं.

ऑलिव्ह आपल्याकडे फारसं पिकत नाही, पण त्या जेवणाचा गाभा आपल्या स्वयंपाकघरात आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेपू-माठ-मेथी, कांदा-काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा तरी खावी. दोन्ही स्वस्त, दोन्हींत ओमेगा-3 भरपूर. माशाच्या तेलाने वेदनाशामक गोळ्या कमी लागल्याचं दिसलं आहे, पण त्या प्रयोगांत रोज 3 ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 किमान 3 महिने दिलं होतं. तेवढं नुसत्या जेवणातून येत नाही. जवसाची चटणी मी रोज खाते, तरी जवसातलं ओमेगा-3 वेगळं असतं आणि त्याचं माशातल्यासारख्या रूपात रूपांतर शरीर फारच थोडं करतं, हे सांगायला हवं. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, म्हणून नाचणी: 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. भाजीत हळद जरूर असावी, हळदीच्या महाग गोळ्यांच्या मागे मात्र मी लागले नाही.

आता जे सर्वांत महत्त्वाचं, ते. जेवण औषधाची जागा घेत नाही. सांध्यांचं कायमचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं आणि ते मेथोट्रेक्सेटसारखी औषधं रोखतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेततं. म्हणून कॅलेंडरवर त्या वारावर खूण करा, डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक अॅसिड चुकवू नका, दारू टाळा. बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत सूज उतरली, तर आनंदू नका. अशा पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. मीही एकदा ती घेतली होती. तीन महिन्यांनी चेहरा फुगला आणि साखर वाढली, तेव्हा डोळे उघडले.

“दुखतंय तर स्वस्थ बस,” हा सल्लाही असाच मायेचा आणि असाच घातक. या आजारात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो, आणि बसून तो वाढतो. नेदरलँड्समध्ये तीनशेवर रुग्णांपैकी निम्म्यांनी दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास चांगला घाम गाळणारा व्यायाम केला. त्यांची ताकद आणि हालचाल सुधारली, हातापायांचे छोटे सांधे जास्त बिघडले नाहीत. ज्यांचे गुडघे-खांदे आधीच फार खराब होते, त्यांना तेवढं जपावं लागलं. ब्रिटनमध्ये 490 जणांवर हाताच्या व्यायामाची चाचणी झाली. बोटं ताणणं आणि हळूहळू जोर लावणं, एवढंच. वर्षभरानंतरही हात जास्त चालत होते.

माझा दिवस कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून सुरू होतो. मग बोटं उघडमीट, मनगटं वर-खाली. नंतर 30 मिनिटं चालणं. सूर्यनमस्कारात तळव्यांवर भार येतो, म्हणून मी ते खुर्चीला कोपरं टेकवून घालते. व्यायामानंतर दोन तासांहून जास्त वेळ दुखणं वाढलेलं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी करते, बंद करत नाही. सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी नुसती हलकी हालचाल. पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवते, तवा दोन्ही हातांनी उचलते, ओली चादर नळाभोवती गुंडाळून पिळते.

निदानानंतरच्या पहिल्या दिवाळीत सोऱ्याची मूठ फिरवता आली नव्हती आणि मी ओट्यापाशी रडले होते. आता भाजणीची उकड जरा सैलच ठेवते, कोमट असतानाच भरते. मूठ बोटांनी न आवळता तळव्याने ढकलते. दहा चकल्या झाल्या की सोऱ्या यजमानांकडे आणि मी तळणीपाशी. गेल्या वर्षी मोजल्या, माझ्या हातच्या 40 होत्या. त्यातल्या चार सासूबाईंनी दह्याबरोबर माझ्याच पानात वाढल्या.