डच लोकांचा स्थानविचार

'रॉटरडॅम कोठें आहे?' असें विचारतांच विद्यार्थी अक्षांश-रेखांश सांगतो. उत्तर बरोबर असतें, पण पुरतें नसतें. डच भाषेंत यासाठीं दोन शब्द आहेत. 'लोकात्सी' म्हणजे एखाद्या कार्यासाठीं ठरविलेली जागा. 'लिखिंग' म्हणजे भोंवतालच्या नद्या, रस्ते व गांवें यांच्या संबंधानें त्या जागेची ठेवण. रॉटरडॅमची थोरवी या दुसऱ्या शब्दांत आहे. तें ऱ्हाइन आणि मास यांच्या मुखाजवळ वसलें आहे, आणि १८७२ सालीं नवा जलमार्ग खुला झाल्यावर त्याची समुद्राची वाट सरळ झाली.

त्या देशांत स्थानाला उंचीचेंही माप लागतें. कारण चौथाईच्या आसपास भूमि समुद्रसपाटीखालीं आहे. १६१२ सालीं बेमस्टर सरोवर पवनचक्क्यांनीं उपसून कोरडें केलें व त्याचा तळ काटकोनी तुकड्यांत आखला. अशा भूमींत एकाचा बांध फुटला कीं शेजाऱ्याचें शेत बुडतें. म्हणून जागा खासगी असली तरी तिची काळजी सर्वांची ठरते.

हाच विचार मालमत्तेला लावून पाहा. दोन घरें विटांनीं, चुन्यानें सारखीं. एक स्टेशनाजवळ, दुसरें आडबाजूला. किंमतींतील अंतर कोणीं निर्माण केलें? मालकानें नव्हे; रूळ, रस्ते, शाळा व बाजार यांनीं. ॲम्स्टरडॅम नगरपालिकेनें १८९६ पासून आपली जमीन विकण्याऐवजीं दीर्घ पट्ट्यानें देण्यास आरंभ केला. इमारत रहिवाशाची, भूमि नगराची. वाढलेल्या मोलाचा वांटा भुईभाड्याच्या रूपानें नगराकडे येतो.

पण या व्यवस्थेला दुसरी बाजू आहे. पट्ट्याची मुदत संपून नवें मूल्यमापन झालें, कीं जुन्या रहिवाशाचें भाडें एकदम चढतें. घर तेंच, मिळकत तीच; पण भोंवतालची वस्ती श्रीमंत झाली म्हणून भुर्दंड त्याला! २०१६ सालीं नगरपालिकेनें शाश्वत पट्टा सुरू केला, त्यांत असें मुदतवार मूल्यमापन नाहीं.

नगररचनेंतही हेंच सूत्र दिसतें. १९०१ च्या गृहकायद्यानें मोठ्या व झपाट्यानें वाढणाऱ्या गांवांना विस्ताराचा आराखडा करणें भाग पाडलें. १९९० च्या सुमारास, पुष्कळ माणसांची ये-जा असलेल्या कचेऱ्या स्टेशनाजवळ व मालाची ने-आण करणारे धंदे मोठ्या रस्त्यालगत असावेत, असें धोरण आंखलें गेलें. पुढें तें मागें पडलें. योग्य धंदा योग्य जागीं हा विचार मात्र टिकण्याजोगा आहे.

सारांश, जागा एकाच्या नांवावर असते, तिचें स्थान अनेकांनीं घडविलेलें असतें. त्या अनेकांचा वांटा किती आणि तेथें राहणाऱ्याचा हक्क किती, हें ठरविणें हीच खरी स्थानविद्या होय.