वनस्पति तुपांतील निकल

आम्हां पुलगांवकरांना वर्धा हें गांव जवळचेंच. तेथील मगनवाडींत ग्रामोद्योग संघानें १९३४ नंतर तेलघाणी सुधारली. त्या घाणीचें तेल पातळच राहतें. मग कारखान्यांत तेंच थिजून तुपासारखें कसें होतें?

तेलाच्या रेणूंत कर्बाच्या लांब सांखळ्या असतात. कांहीं ठिकाणीं दुहेरी बंध असतो. तेथें सांखळी वांकते. त्या जागीं हायड्रोजन जोडला, कीं ती सरळ होते. सरळ सांखळ्या दाटीनें बसतात व तेल घट्ट होतें. परंतु नुसता हायड्रोजन सोडून हें साधत नाहीं. तापलेल्या तेलांत निकल धातूची बारीक पूड लागते. तिच्या पृष्ठावर दोघांची गांठ पडते. लग्न लावून भटजी मोकळे होतात, तसा निकलहि काम संपतांच गाळून काढला जातो. ही युक्ति जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनीं १९०१ मध्यें शोधली. आपल्याकडे १९३७ पासून 'डालडा' या नांवानें ती घरोघर पोंचली.

पुष्कळांस भीति वाटते ती धातूची. खरा दोष अर्धवट राहिलेल्या कामाचा आहे. निकलवर कांहीं बंध उघडून पुन्हां मिटतात, पण उलट बाजूस वळून. हींच ट्रान्स मेदाम्लें. तीं हृदयविकाराचा धोका वाढवितात. म्हणून भारतांत जानेवारी २०२२ पासून खाद्य तेल-तुपांत त्यांची मर्यादा शेंकडा दोन ठरली.

सणाची कढई चढविण्यापूर्वीं डब्यावरील हा आंकडा अवश्य वाचावा. बाजारांतील तळणावर मात्र आंकडा छापलेला नसतो, एवढें ध्यानांत असूं द्यावें.