गोळी फुटली, पण औषध सुटलं का?

चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने पीठ तळाशी बसतं. तेच पाणी गॅसवर ठेवा, चिकट खळ तयार होते. पदार्थ एकच, गुण मात्र उलटे. गोळी बनवताना आपण हे दोन्ही वापरतो : शिजवलेली खळ बाइंडर म्हणून, कोरडं स्टार्च डिसइंटिग्रंट म्हणून. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये कुणी नुसतं 'स्टार्च १०%' लिहिलं, की मला काहीच कळत नाही.

कोरडं स्टार्च गोळी फोडतं कसं? 'फुगून' हे उत्तर आपल्याला पाठ असतं, पण ते अर्धंच आहे. मक्याच्या स्टार्चचा कण ३७ अंशांच्या पाण्यात अगदी थोडा फुगतो. त्याचं मोठं काम पाणी आत ओढण्याचं. हे कण एकमेकांना लागून असले तर गोळीभर पाण्याच्या वाटा तयार होतात आणि कणांमधली पकड सुटते. कण विरळ असले की वाटा तुटतात. म्हणून साधं स्टार्च साधारण ५ ते १५% लागतं. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट मात्र खरोखर अनेक पटींनी फुगतं, त्याचं ४% च्या आसपास भागतं. भरपूर घातलं तर उलट जेल होऊन छिद्रं बुजतात आणि वेळ वाढतो. (ग्राफ मध्येच वर वळला म्हणून घाबरू नका!)

आता माझी फजिती. एम.फार्म.ला पॅरासिटामॉलच्या गोळ्या करताना मी सगळं कोरडं स्टार्च ग्रॅन्युल्स वाळल्यानंतर, म्हणजे बाहेरून मिसळलं. बाइंडर होती चांगली घट्ट खळ. डिसइंटिग्रेशन टेस्टरमध्ये गोळ्या दोन-तीन मिनिटांत गायब! साध्या गोळीला १५ मिनिटांची मुभा असते, त्यामुळे मी खूश. मग डिझॉल्युशन लावलं, तर अर्ध्या तासात औषध निम्मंही बाहेर आलेलं नाही. दोन आठवडे मी यूव्हीच्या मशीनला दोष देत बसलो.

चूक साधी होती. टेस्टरच्या जाळीची भोकं सुमारे २ मिलिमीटरची, माझी ग्रॅन्युल्स त्याहून बारीक. बाहेरच्या स्टार्चने गोळीची ग्रॅन्युल्स केली आणि ती अख्खीच जाळीतून खाली गेली. मशीनच्या दृष्टीने गोळी पास, औषध मात्र खळीच्या पकडीत अडकलेलं. ग्रॅन्युल फोडायचं तर स्टार्च तिच्या आतही हवं. म्हणून थोडं ग्रॅन्युलेशनच्या आधी, थोडं नंतर अशी विभागणी करतात. निम्मं-निम्मं ही सुरुवात. नेमकं प्रमाण तुमचं औषध ठरवेल.

मॅग्नेशियम स्टिअरेटही लक्षात ठेवा. जास्त वेळ मिसळलं तर कणांवर त्याचा पाणी न धरणारा थर चढतो आणि साध्या स्टार्चला ते चांगलंच भोवतं. म्हणून मिसळण्याची मिनिटं वहीत लिहा. स्टार्च कोणतं, वाळवलेलं होतं का, आत किती, बाहेर किती, हेही.

आणि पुढच्या बॅचला टेस्ट झाली की बीकरच्या तळाचा गाळ बोटांत चोळून बघा. रव्यासारखा लागला, तर डिझॉल्युशन लावण्याआधी फॉर्म्युल्याकडे परत जा.